शोकांत की शोकात्म? संज्ञांच्या प्रकाशात 'एकच प्याला'

'ट्रॅजेडी'साठी मराठीत 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' असे दोन शब्द रूढ आहेत आणि बहुधा ते पर्यायाने वापरले जातात. वस्तुतः पहिला शब्द नाटकाच्या शेवटावर बोट ठेवतो, दुसरा त्याच्या प्रकृतीवर. ॲरिस्टॉटलला शेवटाचे दुःख अनिवार्य वाटत नव्हते. घातक कृत्य घडण्यापूर्वीच ओळख पटून ते टळते अशा रचनेचा 'काव्यशास्त्रा'च्या चौदाव्या प्रकरणात त्याने गौरव केला आहे, आणि उदाहरण दिले आहे ते युरिपिडीसच्या 'टॉरिसमधील इफिजेनिया'चे. हे नाटक 'शोकांतिका' कसे म्हणावे?

हा पेच केवळ मराठीचा नाही. के. आर. पुरमसारख्या बंगळूरच्या बहुभाषिक उपनगरात मराठी नाटकाचा अभ्यास करणाऱ्याला शेजारच्या कन्नड समीक्षेतही अशीच जोडी आढळते: 'दुरंतनाटक' आणि 'रुद्रनाटक'. येथेही एक शब्द शेवटाचा, दुसरा प्रकृतीचा. मात्र 'रुद्र' या पदात शोकाहून भयाचा आणि दैवी उग्रतेचा अंश अधिक आहे. बी. एम. श्रीकंठय्या यांनी रन्नाच्या दहाव्या शतकातील काव्यातून 'गदायुद्ध नाटकम्' (१९२६) उभे केले आणि सोफोक्लीझच्या 'एजॅक्स'च्या वाटेने 'अश्वत्थामन्' (१९२९) लिहिले. त्यात परंपरेने चिरंजीव मानलेला अश्वत्थामाही मृत्यू पावतो. नवा नाट्यप्रकार रुजविण्यासाठी पुराणकथेशी केवढी तडजोड करावी लागली, हे यातून दिसते.

मराठीत हा भार पौराणिक वीराने नव्हे, तर सनद गमावलेल्या एका वकिलाने वाहिला. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर दारूने नष्ट होतो, म्हणून हे मद्यपाननिषेधाचे नाटक, असा निर्णय पुष्कळदा झाला आहे. तो निर्णय बऱ्याच अंशी 'हामार्शिया'ला 'दोष' म्हणण्यातून येतो. मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. 'प्रमाद' हा प्रतिशब्द त्याच्या अधिक जवळचा. 'दोष' म्हटले की सुधाकराचे व्यसन दिसते. 'प्रमाद' म्हटले की नजर मागे सरकते, त्या मानी माणसाकडे, ज्याला अपमान पचविता आला नाही आणि ज्याने तळीरामाच्या हातचा पहिला प्याला विसराव्यासाठी घेतला. व्यसन हे कारण नव्हे, परिणाम आहे. एवढ्या एका शब्दाने नाटक प्रचारातून शोकात्मिकेत येते.

अभिज्ञानाचा प्रश्न याहून अवघड आहे. ॲरिस्टॉटलच्या मते स्थित्यंतर आणि अभिज्ञान एकाच क्षणी घडावेत, जसे 'ईडिपस'मध्ये घडतात. सुधाकराला मात्र आपली वाट फार आधी कळते. मद्यपीच्या अवस्था तो रामलालपुढे स्वतःच विशद करतो. ज्ञान आहे, ते उपयोगी पडत नाही. येथे ग्रीक चौकट अपुरी पडते. ही उणीव नाटकाची मानू नये. कळूनही थांबता न येणे ही शोकात्मतेची आधुनिक जात आहे, आणि गडकऱ्यांच्या पल्लेदार, अलंकारभारित भाषेआडही ती हरवत नाही.

करुणरसाची परिभाषा वापरली की केंद्र पुन्हा हलते. भरताने करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्मीलनाची आशा नसलेला, मानला, विप्रलंभ सापेक्ष. माहेरची मदत नाकारून दळण दळणारी सिंधू अखेरपर्यंत आशा धरून असते, म्हणून तिचा शोक दीर्घकाळ विप्रलंभाच्या कडेने चालतो आणि मूल गेल्यावरच करुणात पडतो. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी पहिल्या प्रयोगापासून नाटकाचे दोन ध्रुव उभे केले. रसविचार प्रेक्षकाला सिंधूकडे नेतो, हामार्शियाचा विचार सुधाकराकडे. त्यातून सिंधू केवळ सोसणारी ठरते, आणि तिच्या पतिनिष्ठेत काही प्रमाद आहे का, हा प्रश्न दोन्ही परिभाषांच्या मधल्या जागेत अनुत्तरित राहतो.