‘अंकल’ म्हणजे नक्की कोण?



पीएचडीची तयारी सुरू झाली की इंग्रजी सुधारायचं म्हणून आपण एखादं ‘इंग्रजी बोलायला शिका’ छापाचं पुस्तक आणतो. मीही आणलं होतं. त्यात सुरुवातीलाच नातेवाईकांचा तक्ता असतो. डावीकडे काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान; उजवीकडे चारही ओळींत एकच शब्द, अंकल. खाली काकू, मामी, आत्या, मावशी आणि समोर आंट. तक्ता पाठ झाला की धडा संपला! आज माझी तक्रार या तक्त्याबद्दल आहे.

माझं काम आनुवंशिक आजारांवर आहे. पहिल्या वर्षी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या घरच्यांना भेटून कौटुंबिक इतिहासाचे फॉर्म भरत होतो. लोक मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो. “याच्या मामाला पण असंच रक्त थांबायचं नाही.” मी लिहिलं, अंकल. वंशावळीचा तक्ता काढायला बसलो तेव्हा गाईडनी विचारलं, “कुठला अंकल? आईकडचा की वडिलांकडचा?” मला आठवेना.

आता हे का महत्त्वाचं, बघा. हिमोफिलियाशी संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो आईकडून आणि वाय वडिलांकडून. त्यामुळे आजारी मुलाच्या मामाला किंवा मावसभावाला तोच आजार असेल, तर दोष आईच्या बाजूने आल्याचा धागा लागतो. पण काकाला असेल तर पुतण्याचा आजार त्याच्याशी असा जोडता येत नाही. बापाने मुलाला एक्स दिलेलाच नसतो. म्हणजे ‘मामा’ या दोन अक्षरांत जी माहिती होती, ती मी भाषांतर करताना पुसून टाकली. काही घरी पुन्हा फोन केले. एका घरचा नंबर बंद होता.

दोष इंग्रजीचा आहे का? पूर्ण नाही. इंग्रजीत ‘मॅटर्नल अंकल’, ‘पॅटर्नल अंकल’ आहे, किंवा सरळ ‘माय मदर्स ब्रदर’ म्हणता येतं. तक्ता हे सांगत नाही, तिथेच तो कमी पडतो. गंमत म्हणजे ‘अंकल’ शब्द लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला, त्याचा अर्थ मामा असाच होता, आणि ‘आंट’च्या मुळाशी आत्या आहे. लॅटिनमध्ये काकाला वेगळा शब्द होता. जुन्या इंग्रजीतही काका आणि मामा वेगळे होते. नंतर ते एकात विरघळले.

‘कझिन’चं तर विचारूच नका. चुलत, मामे, आते, मावस, त्यात परत भाऊ की बहीण, सगळं एका शब्दात. इरावती कर्वे यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक १९५३ साली आलं. ते चाळा. वेगवेगळ्या भाषांतले नात्यांचे शब्द त्यांनी तिथे अभ्यासाचा माल म्हणून मांडलेत. मामेबहिणीशी लग्न चालतं पण चुलतबहिणीशी नाही, असं सांगणाऱ्या घरात दोघींना ‘कझिन’ लिहून तुम्ही काय नोंदवणार?

आता व्याकरण. इथेही पुस्तकं शब्दाला शब्द लावायला शिकवतात. “मला दोन भाऊ आहेत” यात मराठी ‘मला’ वापरते, इंग्रजीत मात्र ‘आय हॅव टू ब्रदर्स’. आपण त्याचं ‘आय ॲम हॅविंग’ करतो. नातं किंवा आजार सांगताना हे ‘हॅविंग’ नको. तसंच वडिलांना मान देऊन आपण ‘बाबा आलेत’ म्हणतो, म्हणून हात ‘माय फादर आर’कडे वळतो. इंग्रजी क्रियापदाला मान कळत नाही, तिथे ‘इज’च. ‘मोठा भाऊ’ला ‘एल्डर ब्रदर’ ठीक, पण ‘माझ्यापेक्षा मोठा’ म्हणताना ‘ओल्डर दॅन मी’, ‘एल्डर दॅन’ नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे आणि ती कुठलंच पुस्तक नीट सांगत नाही. ‘बहिणीच्या नवऱ्याचा भाऊ’ याचं इंग्रजी त्याच क्रमाने होतं: सिस्टर्स हजबंड्स ब्रदर. एकेक कडी जोडत जायची. आपल्याकडे चा-ची-चे बदलतं, तिकडे तेवढंही नाही. ‘ऑफ’ वापरलात की साखळी उलटी होते आणि घोटाळा सुरू होतो. मी ‘ब्रदर-इन-लॉ’ लिहिणंच सोडलंय. दीर, मेहुणा, साडू सगळे त्यात बसतात.

काळही जपून वापरा. ‘माय मदर हॅड टू ब्रदर्स’ वाचणारा विचारात पडतो, भाऊ गेले की आई गेली? हयात आहे की नाही, कितव्या वर्षी गेले, हे वेगळं लिहा, क्रियापदावर सोडू नका.

आता माझ्या फॉर्मवर नात्याचे दोन रकाने आहेत. पहिल्यात सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा, देवनागरीत. दुसऱ्यात इंग्रजी, तेही घरी परतल्यावर. त्या बंद नंबरवाल्या घराचा फॉर्म जुन्या फाईलमध्येच आहे. ‘अंकल’पुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय.