‘डेअर उंटरगांग’ : हुकूमशहाचे माणूसपण आणि निवेदनाची मर्यादा

ऑलिव्हर हिर्शबिगेल दिग्दर्शित ‘डेअर उंटरगांग’ (२००४) हा जर्मन चित्रपट १९४५ मधील बर्लिनच्या पाडावाचे व भूमिगत बंकरमधील हिटलरच्या अखेरच्या दिवसांचे चित्रण करतो. हिटलरला ‘माणूस’ म्हणून दाखविल्याबद्दल झालेली टीका अस्थानी वाटते. ब्रुनो गान्झ यांनी साकारलेला, पाठीमागे थरथरता हात धरणारा, चिटणीस स्त्रियांशी मृदूपणे बोलणारा आणि जर्मन जनतेच्या विनाशाने विचलित न होणारा हिटलर कोणत्याही राक्षसापेक्षा भयावह आहे. खरा दोष दृष्टिकोनात आहे. हिटलरची तरुण चिटणीस ट्राउडल युंगे यांच्या आठवणी आणि योआखिम फेस्ट यांचा ग्रंथ हे पटकथेचे आधार. त्यामुळे बंकरमधून जे दिसत नव्हते, ते प्रेक्षकालाही दिसत नाही. एस.एस.चे डॉक्टर शेंक येथे निव्वळ करुणामय वैद्य म्हणून वावरतात; माउथहाउझेन छळछावणीतील कैद्यांवर त्यांनी केलेल्या आहारविषयक प्रयोगांचा उल्लेखही नाही. गोबेल्स यांच्या सहा मुलांना आईच विष देते, ते कॅमेरा सविस्तर टिपतो. हिटलरची आत्महत्या मात्र बंद दाराआड! विम वेंडर्स यांनी या संकोचावर नेमके बोट ठेवले होते. साठ लाख ज्यूंच्या हत्येचा आकडा चित्रपट संपतानाच येतो. तेथेच वृद्ध युंगे, तारुण्य ही सबब होऊ शकत नाही, अशी कबुली देतात. पटकथेने हा निकष आपल्या इतर पात्रांना लावलेला नाही.