लुब्लिनचा राजकिल्ला : संग्रहालय आणि त्याचें घर

वस्तुसंग्रहालयाविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक आंतल्या वस्तूंची नामावळी देतात आणि इमारतीची बोळवण एका वाक्यांत करितात. इमारत मुद्दाम संग्रहालयासाठींच बांधलेली असेल, तर त्यांत फारसें बिघडत नाहीं. पण जुन्या राजगृहांत थाटलेल्या संग्रहालयाची गोष्ट निराळी आहे. तेथें घर हीच पहिली वस्तु असते, आणि पुष्कळदां तीच सर्वांत मोठी. पूर्व पोलंडांतील लुब्लिन शहराच्या टेकडीवर जो राजकिल्ला आहे, त्यांतील संग्रहालयाचें परीक्षण करावयास बसलें असतां हा भेद पावलोपावलीं आड येतो. येथें घर एक सांगतें आणि घरांतील मांडणी दुसरेंच सांगते. शिवाय घर दिसतें तसें नाहीं, ही अडचण वेगळीच.

जुन्या वस्तीची ग्रोद्स्का नांवाची वेस ओलांडून पुढें गेलें म्हणजे समोर टेकडीवर लांबच लांब, फिकट रंगाची, माथ्यावर कंगोरे मिरविणारी इमारत दिसते. मध्ययुगीन राजवाडा कसा असावा, याविषयीं मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांनीं आपल्या मनांत जें चित्र उमटविलेलें असतें, त्याच्याशीं ती तंतोतंत जुळते. आणि नेमक्या याच कारणासाठीं तिच्याविषयीं संशय यावयास पाहिजे. यागिएलो घराण्यांतील राजांचा खरा वाडा सतराव्या शतकाच्या मध्यांतील युद्धांत उद्ध्वस्त झाला. उरलें तें एवढेंच : तेराव्या शतकांतील एक वाटोळा बुरूज आणि एक प्रार्थनामंदिर. पुढें पोलंडचें राज्य रशियाच्या झारच्या हाताखालीं असतांना, 1820 नंतरच्या दशकांत, या दोन अवशेषांना जोडून जी नवी इमारत उभी राहिली, तीच आज आपण पाहतों. आणि ती वाडा म्हणून नव्हे, तर तुरुंग म्हणून बांधली गेली. कंगोरे हें त्या काळच्या गॉथिक-पुनरुज्जीवनाच्या हौसेचें फळ. तुरुंगाची ही कल्पना कोणा परक्या जुलमी अधिकाऱ्याची नव्हती. ती स्तानिस्लाव स्ताशिच या पोलिश सुधारकाची होती. शिक्षण, उद्योगधंदे, शेतकऱ्यांची मुक्तता यांसाठीं झटलेल्या या गृहस्थाला नीटनेटका तुरुंग हीही एक सुधारणाच वाटली असावी. पुढें या सुधारणेचें काय झालें, तें पाहावयास तो जिवंत राहिला नाहीं.

तथापि प्रथम जें निःसंशय मोठें आहे, त्याविषयीं बोलूं. या संग्रहालयाचा मुकुटमणि म्हणजे पवित्र त्रयीचें प्रार्थनामंदिर. बाहेरून तें विटांचें, गॉथिक धाटणीचें, पश्चिमेकडील कॅथॉलिक वळणाचें आहे. आंत पाऊल टाकलें कीं आपण एकदम बायझंटाइन जगांत येतों. मध्यभागीं एकच खांब, त्यावरून ताडाच्या झावळ्यांप्रमाणें चोहोंकडे पसरत गेलेलें छत, आणि खांब, छत, भिंती हें सर्व चित्रांनीं मढविलेलें. देवदूत, संत, ख्रिस्ताच्या चरित्रांतील प्रसंग यांनीं तळहाताएवढी जागाही मोकळी ठेवलेली नाहीं. हीं चित्रें काढणारे कलावंत पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेंत वाढलेले होते. त्यांच्यांतील एकाचें नांव आंद्रेइ, आणि काम पुरें झाल्याचें साल 1418, हें तेथील सिरिलिक लिपींतील लेखावरून कळतें. काम सांगणारा राजा व्लादिस्लाव यागिएलो. हा जन्मानें लिथुआनियाचा, मूर्तिपूजकांच्या कुळांतला. आई मात्र त्वेरची ऑर्थोडॉक्स राजकन्या. 1386 सालीं कॅथॉलिक दीक्षा घेऊन व पोलंडच्या राणीशीं विवाह करून तो त्या देशाचा राजा झाला. या मंदिरांत त्याचीं दोन चित्रें आहेत : एकांत तो सिंहासनस्थ मेरीपुढें गुडघे टेकून बसला आहे, दुसऱ्यांत घोड्यावर स्वार आहे. दोन्हीं त्याच्या हयातींतलीं असल्यामुळें इतिहासकारांना त्यांचें मोल विशेष.

पूर्व आणि पश्चिम यांचा येथें मधुर संगम झाला आहे, असें मार्गदर्शक पुस्तकांतून लिहिण्याचा परिपाठ आहे. मला हें म्हणणें जरा सोपें वाटतें. संगम आहे खरा, पण तो मधुर नाहीं. तो ओढाताणीचा आहे, आणि म्हणूनच पाहण्यासारखा आहे. ऑर्थोडॉक्स चित्रकाराची सारी मांडणी घुमटाच्या देवळासाठीं ठरलेली असते. सर्वांत वर विश्वाधिपति ख्रिस्त, त्याखालीं देवदूत, त्याखालीं पृथ्वीवरील घटना, अशी ती उतरण आहे. येथें घुमटच नाहीं. छत फासळ्यांनीं चिरलेलें, अणकुचीदार तुकड्यांत विभागलेलें. त्या तुकड्यांत स्वर्ग बसवितांना चित्रकारांना आपला शास्त्रार्थ वांकवावा लागला, आकृती लांबवाव्या लागल्या, कोठें पंख दुमडावे लागले. परक्याच्या घरांत आपला संसार मांडणाऱ्या माणसाची चतुराई आणि अवघडलेपण या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. केवळ सौंदर्य पाहून जो बाहेर पडतो, त्यानें या चित्रांचें अर्धेंच दर्शन घेतलें असें मी म्हणेन.

खालच्या भागांतील गिलाव्यावर आणखी एक गंमत आहे. जुन्या काळच्या सरदारांनीं आणि पाहुण्यांनीं तेथें टोकदार हत्यारानें आपलीं नांवें, साल, चिन्हें कोरून ठेविलीं आहेत. आपल्या लेण्यांतील खांबांवर नांवें खरडणाऱ्या उपटसुंभांना आपण शिव्या देतों. येथें तींच खरडणीं चारशें वर्षांनीं दस्तऐवज होऊन बसलीं आहेत! त्यांतील एक लॅटिन ओळ तर 1569 सालच्या पोलंड-लिथुआनिया यांच्या ऐक्याची नोंद करिते. पुढें इमारतीचा तुरुंग झाला, मंदिर कैद्यांच्या प्रार्थनेसाठीं वापरांत आलें, आणि भिंतींवर गिलावा चढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गिलाव्याखालीं चित्रें आहेत हें ध्यानांत आलें. थांबत थांबत चाललेलें जीर्णोद्धाराचें काम 1997 सालीं पुरें झालें.

तें 1569 चें ऐक्य हा या किल्ल्याचा सर्वांत मोठा अभिमान. त्याचें प्रतिनिधित्व यान मातेय्को या चित्रकाराच्या प्रचंड चित्राकडे सोंपविलें आहे. सुमारें 3 मीटर उंच व 5 मीटरांहून अधिक रुंद असें हें चित्र मातेय्कोनें 1869 सालीं, म्हणजे ऐक्याच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षीं, पुरें केलें. त्या वेळीं पोलंड हा देश नकाशावर नव्हता. मध्यभागीं राजा झिग्मुंत आउगुस्त हातीं क्रूस घेऊन उभा आहे. भोंवतीं सरदार, धर्माधिकारी, शपथेसाठीं उंचावलेले हात, जरीचीं आणि मखमालीचीं वस्त्रें. मखमल रंगविण्यांत मातेय्कोचा हात धरणारा विरळा. पण इतिहास म्हणून हें चित्र वाचूं लागलें, कीं प्रश्न उभे राहतात. लिथुआनियाचे बडे सरदार या ऐक्यावर रुष्ट होऊन मार्च महिन्यांतच लुब्लिन सोडून निघून गेले होते. मग राजानें लिथुआनियाचे कांहीं प्रांत परस्पर पोलंडला जोडले, तेव्हां बाकीच्यांना नमावें लागलें. विरोधकांचा अग्रणी मिकोलाय राजिविल; त्यालाच मातेय्कोनें चित्राच्या दर्शनी भागांत गुडघा टेकवून बसविलें आहे. उजवीकडे विचारवंत मोद्झेव्स्की एका शेतकऱ्याला हाताला धरून पुढें आणतो आहे, हाही चित्रकाराचाच मनोरथ. या ऐक्यांत शेतकऱ्याला कोणी बोलाविलें नव्हतें.

याबद्दल मातेय्कोला दोष देण्याची माझी इच्छा नाहीं. ज्याचा देश हरवला आहे, त्यानें आठवणींत भर घालावी हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. माझी तक्रार आहे ती चित्राच्या जागेविषयीं. हें चित्र किल्ल्यांत लावलें, म्हणजे प्रेक्षकाला सहजच वाटतें कीं हा प्रसंग याच भिंतींच्या आड घडला. त्या भिंती कधींच पडल्या. ऐक्याचा गौरव जेथें टांगला आहे, ती वास्तु त्याच ऐक्यांतून जन्मलेलें राज्य बुडाल्यावर कैदी कोंडण्यासाठीं उभारली गेली, हा विरोध चित्राशेजारीं मोठ्या अक्षरांत सांगितला पाहिजे. तो सांगितल्यानें चित्र लहान होणार नाहीं. उलट तें कां काढावें लागलें, हें कळेल.

येथें मराठी वाचकाला एक धागा जवळचा वाटेल. राजानें त्या वेळीं जे प्रांत पोलंडला जोडले, त्यांत वोलिन हा एक होता. पुढें पोलंडचे पूर्वेकडील हे मुलूख महायुद्धाच्या चरकांत सांपडले. 1940-41 सालीं तेथील असंख्य कुटुंबें सोव्हिएत रशियाच्या अंतर्भागांत हांकलून नेण्यांत आलीं. त्यांतील कांहीं बायकामुलें फिरत फिरत आपल्याकडे कोल्हापुराजवळ वळिवड्याला पोंचलीं. तेथें 1943 ते 1948 पर्यंत सुमारें 5,000 पोलिश निर्वासितांची वसाहत होती. मातेय्कोच्या चित्रांत ज्या ऐक्याची शपथ चालली आहे, त्याचा शेवटचा अध्याय पंचगंगेच्या कांठीं वाचला गेला, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

बाकीच्या दालनांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. पुराणवस्तू, नाणीं, शस्त्रें, लोककला, पोलिश व परदेशी चित्रें अशी जातवारीनें लावलेली ही मांडणी आहे. संग्रह चांगला आहे. कांहीं ठिकाणीं उत्तम आहे. 1906 सालीं स्थापन झालेली ही संस्था 1957 पासून किल्ल्यांत नांदते आहे, आणि 2020 सालीं तिला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. एका वस्तूचा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. जुन्या न्यायसभेचें एक टेबल येथें आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर जळलेल्या पंजाची खूण आहे. दंतकथा अशी कीं, 1637 सालीं न्यायाधीशांनीं लांच खाऊन एका गरीब विधवेविरुद्ध निकाल दिला. तेव्हां तिनें हताश होऊन म्हटलें, सैतानांनीं निवाडा केला असता तरी तो याहून बरा झाला असता. त्या रात्रीं खरोखरच सैतान न्यायासनावर येऊन बसले, त्यांनीं विधवेच्या बाजूनें निकाल दिला आणि सहीऐवजीं टेबलावर पंजा उमटविला. लोकांचा न्यायसंस्थेवरील अभिप्राय इतक्या नेमक्या शब्दांत कोणा वकिलालाही मांडतां आला नसता.

आणि हेंच टेबल या सबंध मांडणीवरील टीका होऊन बसतें. कारण ज्या वास्तूंत तें ठेविलें आहे, तींत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ माणसें कोंडलीं गेलीं. 1864 सालीं, उठावांत भाग घेतल्यामुळें, पुढें बोलेस्लाव प्रूस या नांवानें गाजलेला कादंबरीकार तरुणपणीं येथें बंदींत होता. 1939 ते 1944 या जर्मन अंमलांत सुमारें 40,000 माणसें या तुरुंगांतून गेलीं, आणि जर्मन सैन्य शहर सोडण्याच्या सुमारास, 22 जुलै 1944 रोजीं, सुमारें 300 कैद्यांची येथें कत्तल झाली. त्याच तारखेचा जाहीरनामा काढून जी नवी साम्यवादी राजवट आली, तिनेंही हा तुरुंग मोडला नाहीं; 1954 पर्यंत तिनें आपले विरोधक याच कोठड्यांत ठेविले, आणि त्यांतल्या कित्येकांना येथेंच ठार केलें.

संग्रहालयाच्या चालकांना ही कथा ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? त्यांनीं तिच्यासाठीं शहरांत एक वेगळें घरच राखून ठेविलें आहे. ‘घड्याळाखालीं’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, एके काळीं गेस्टापोची कचेरी असलेल्या इमारतीच्या तळघरांत हुतात्म्यांचें स्मारक-संग्रहालय केलेलें आहे. तें गंभीर आहे. पण या वांटणींतच मला चूक दिसते. किल्ल्यांतील कैदी जाबजबाबासाठीं त्या तळघरांत नेले जात आणि तेथून पुन्हां किल्ल्यांत आणले जात. कैद्यांच्या दृष्टीनें तीं दोन घरें नव्हतीं. एकाच यातनेचीं तीं दोन टोंकें होतीं. संग्रहालयानें एका टोंकाला दुःख ठेविलें आणि दुसऱ्या टोंकाला नाणीं व चित्रें. सरदारांनीं भिंतीवर ओढलेल्या रेघा आपण जपतों, कारण त्या जुन्या आहेत. मग कोठड्यांचीं दालनें होतांना त्या खोल्यांचा अर्थ मात्र त्या खोल्यांतून बाहेर कां जावा?

यावर उत्तर नाहीं असें नव्हे. एक रसिक मित्र मला म्हणाले, “जेथें इतकीं वर्षें माणसांना रडविलें, तेथें आतां मुलें हंसत चित्रें पाहतात, यापेक्षां मोठा सूड तो कोणता?” हें म्हणणें मला मोलाचें वाटतें. लुब्लिनच्या लोकांनीं तुरुंग बंद झाल्यावर तीनच वर्षांत तेथें कलेला घर दिलें, यांत एक धीटपणा आहे, आणि सबंध किल्ल्याचें सुतकी स्मारक करून टाकावें असें मी मुळींच सुचवीत नाहीं. पण सूड घ्यावयाचा तर तो कोणाचा, हें त्या मुलांना कळलें पाहिजे. त्यासाठीं नवें दालन नको. दालनांतून दालनांत जातांना ही भिंत कोणत्या सालची, या खिडकीला गज केव्हां होते, येथें किती माणसें झोंपत, एवढें जरी वाटेंतच सांगितलें तरी चित्रांचा रंग उतरणार नाहीं.

बाहेर पडतांना रुंद पायऱ्या उतरून आपण एका लंबवर्तुळाकार चौकांत येतों. भोंवतीं कमानदार रांगेनें उभीं असलेलीं घरें जुन्या शहराचा भाग वाटतात. पण चौक आणि घरें दोन्ही 1954 सालचीं, नव्या राजवटीच्या दशवार्षिक उत्सवासाठीं बांधलेलीं. तत्पूर्वीं किल्ल्याच्या पायथ्याशीं यहुद्यांची दाट वस्ती होती. मार्च 1942 पासून तेथील माणसें बेल्झेत्सच्या मृत्युछावणीकडे पाठविण्यांत आलीं, आणि मागून घरें पाडण्यांत आलीं. टेकडीच्या उतारावर, सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध धर्मपंडित सालोमन लुरिया यांच्या नांवानें ओळखलें जाणारें मोठें सिनागॉग होतें. आतां त्या जागेवरून हमरस्ता जातो. कडेला एक लहानसा स्मृतिफलक आहे, तो गाडींतून जाणाऱ्याला दिसत नाहीं. चालत गेलें तरच वाचतां येतो.