वासाची बातमी आणि चाचणीचे गणित

स्कॉटलंडमधील जॉय मिल्न ह्या निवृत्त परिचारिकेला कंपवाताचा (पार्किन्सनच्या विकाराचा) वास येतो, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे त्यांना जाणवले आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी त्याला कंपवात असल्याचे निदान झाले. पुढे एडिंबरा विद्यापीठातील टिलो कुनाथ ह्यांनी मिल्नबाईंची परीक्षा घेतली. सहा रुग्ण व सहा निरोगी माणसे ह्यांनी घातलेले बारा टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. सहाही रुग्ण त्यांनी ओळखले. शिवाय एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरवले. काही महिन्यांनी त्या माणसालाही कंपवात असल्याचे निष्पन्न झाले.

गोष्ट खरी आहे. तक्रार आहे ती सांगण्याच्या रीतीबद्दल. बातम्यांमध्ये ती टी-शर्टांपाशी रंगते, तेथून थेट मँचेस्टरमधील पर्डिटा बॅरन ह्यांच्या प्रयोगशाळेत उडी घेते आणि ‘आता तीन मिनिटांत निदान’ असे सांगून संपते. मधले विज्ञान गळून पडते.

बारा वेळा नाणे उडवून बाराही कौल अचूक सांगण्याची शक्यता ४,०९६ मध्ये १. तेव्हा बाईंचे यश हा योगायोग नव्हे. पण त्यांनी ओळखले ते नेमके काय? रोगाचा वास, औषधाचा वास, की आजारपणात बदललेल्या राहणीचा? ह्याचे उत्तर बारा शर्ट देऊ शकत नाहीत. म्हणूनच २०१९ च्या शोधनिबंधासाठी औषधे सुरू न झालेल्या रुग्णांचेही नमुने घेतले गेले. पाठीच्या वरच्या भागावरील तेलकट स्रावात हिप्युरिक आम्ल, आयकोसेन व ऑक्टाडेकॅनॅल ही द्रव्ये वाढलेली, तर पेरिलिक ॲल्डिहाइड घटलेले आढळले. २०२२ मध्ये ७९ रुग्ण व ७१ निरोगी व्यक्तींच्या स्रावाचे वस्तुमान वर्णपटमापीने विश्लेषण झाले. ‘तीन मिनिटे’ ही त्या उपकरणाला लागणारी वेळ आहे, निदानाला लागणारी नव्हे!

आता वर्गात फळ्यावर करता येईल असे एक गणित पाहू. समजा, अशी एखादी चाचणी रुग्णांना आणि निरोगी माणसांनाही ९५ टक्के अचूक ओळखते. साठीपुढील माणसांत कंपवाताचे प्रमाण साधारण शंभरात एक असते. अशा १०,००० जणांना तपासले, तर १०० रुग्णांपैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ जण, विनाकारण रोगी ठरतील. एकूण ५९० जणांच्या हाती ‘रोग आहे’ असा कागद पडेल आणि त्यांतील खरे रुग्ण सहांत एकही भरणार नाहीत. प्रयोगशाळेत निम्मे रुग्ण आणि निम्मे निरोगी असतात, तेव्हा हा प्रश्न दिसतच नाही. आणि ज्या रोगाची वाढ थोपवणारे औषध अजून नाही, त्याची खोटी सूचना मिळालेल्या माणसाने काय करायचे?

वासामुळे लागलेल्या शोधाचे एक जुने उदाहरण शिक्षकांनी ह्याच्या शेजारी ठेवून पाहावे. १९३४ मध्ये नॉर्वेतील एका आईने आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो, असे ॲस्बियॉर्न फोलिंग ह्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातले, तर रंग हिरवा झाला. त्याचे कारण शोधता शोधता फेनिलपायरुव्हिक आम्ल हाती लागले आणि रोगाचे मूळ कळले. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरची गथ्री ह्यांची चाचणी आली ती १९६० नंतरच्या काळात, आणि तोवर पथ्याच्या आहाराने मेंदूची हानी टाळता येते हेही ठाऊक झाले होते. वासापासून येथवर यायला जवळजवळ तीस वर्षे लागली; पण ही चाचणी हुडकते त्या बालकासाठी काही करता येते.

कंपवाताच्या बाबतीत ‘लवकर’ हा शब्द अजून उसनाच आहे. २०१९ व २०२२ च्या अभ्यासांतील रुग्णांचे निदान आधीच झालेले होते. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणाऱ्या काही माणसांना पुढे कंपवात होतो. अशांचा स्राव २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासला गेला आणि तो निरोगी माणसे व रुग्ण ह्यांच्या मधला दिसला. हे उत्साहवर्धक खरेच, परंतु अशी माणसे त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. त्यांतील कोणाला पुढे कंपवात होतो, हे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावरच कळेल.