पाण्याच्या झोतातील कॅव्हिटेशन व शीघ्र छायाचित्रणाची साक्ष

पाण्याचा वेगवान झोत स्थिर पाण्यात शिरला म्हणजे त्याच्या कडेस भोवरे उत्पन्न होतात. भोवऱ्याच्या गर्भातील दाब बाष्पदाबाइतका उतरला की तेथे बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होतात व पुढे अधिक दाबाच्या प्रदेशात त्या ढासळतात. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. नोझल व झडपा यांची झीज हिच्यामुळे होते. उलटपक्षी धातूच्या पृष्ठास टणकपणा आणण्यासाठी हिचाच उपयोगही करतात. म्हणून ढासळणारी पोकळी धातूवर नेमका कसा घाव घालते, हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. शीघ्र छायाचित्रणाने त्याचा निकाल लावला, असा समज रूढ आहे. तो कितपत साधार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचे यश प्रथमच मान्य केले पाहिजे. रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार वातावरणाच्या दाबाखाली १ मिलिमीटर त्रिज्येची गोल पोकळी सुमारे ९१ मायक्रोसेकंदांत मिटते. पोकळी गोल न राहता तिच्यातून सूक्ष्म झोत निघत असावा, असे कॉर्नफेल्ड व सुवोरोव्ह यांनी १९४४ मध्ये सुचविले. नोदे व एलिस यांनी १९६१ मध्ये तो प्रयोगाने दाखविला आणि प्लेसेट व चॅपमन यांच्या १९७१ च्या गणनेत त्याचा वेग सेकंदास सुमारे १३० ते १७० मीटर आला. तर्क, चित्र व गणित यांचा असा मेळ बसल्यावर सूक्ष्म झोत हाच झिजेचा कर्ता मानला जाणे स्वाभाविक होते. परंतु फिलिप व लाउटरबोर्न यांनी १९९८ मध्ये सेकंदास १० लाखांपर्यंत चित्रे घेऊन, धातूवरील खळगेही सोबत तपासले, तेव्हा पृष्ठास चिकटून मिटणारा बुडबुडाच अधिक घातक ठरला. जे ठळक दिसते तेच कारण असते असे नाही, हा या इतिहासाचा बोध होय.

हे प्रयोग एकट्या, लेसरने निर्मिलेल्या बुडबुड्यावरचे आहेत. झोतात मात्र असंख्य बुडबुड्यांचे ढग असतात, आणि तेथे अडचणी वाढतात. नोझलच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक सुमारे ५० वातावरणे असल्यास झोताचा वेग सेकंदास १०० मीटरच्या आसपास जातो. सेकंदास २०,००० चित्रे घेतली तरी दोन चित्रांमध्ये पाणी ५ मिलिमीटर पुढे सरकते. त्याच अवधीत, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांत, वातावरणाच्या दाबाखालील ०.१ मिलिमीटर त्रिज्येची पोकळी पाच वेळा मिटू शकेल. चित्रांचा वेग वाढविल्यास कॅमेऱ्याच्या स्मृतीत मावणारा काळ आखूड होतो व ढगांच्या सुटण्याचे आवर्तन निसटते. एकाच चित्रमालिकेतून दोन्ही काळमानांविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बुडबुड्यांचा ढग प्रकाश विखुरतो. चित्रात येते ते त्याचे बाह्य कवच. तरीही चित्रातील उजळपणा म्हणजेच बाष्पाचे प्रमाण, असे गृहीत धरून आवर्तने काढली जातात. आवर्तनापुरते हे क्षम्य असले, तरी प्रमाणाविषयी ते असमर्थनीय आहे. गणेश, माकिहार्यू व सेचिओ यांनी २०१६ मध्ये पाचरीवरील पोकळीत क्ष-किरणांनी बाष्पाचे प्रमाण मोजले. त्यांच्या चित्रांचा वेग सेकंदास अवघा १,००० होता; तरीही ढग सुटण्यामागे बुडबुडेयुक्त द्रवातून उलट जाणारा आघात तरंग असू शकतो, हे त्यांतून उघड झाले. तो प्रवाह झोताचा नव्हता, तरी मुद्दा तोच: चित्रांची संख्या नव्हे, तर चित्र कशाचे आहे हे निर्णायक असते.

तेव्हा शीघ्र छायाचित्रण त्याज्य ठरत नाही. एकाकी साक्षीदार म्हणून ते अपुरे ठरते. चित्रांमधील अवधी व प्रकाशनकाल स्पष्ट नोंदवावा, त्याच क्षणांचे दाबमापन जोडावे आणि पृष्ठावरील खळग्यांशी स्थानाचा पडताळा घ्यावा. या तिन्हींचा मेळ बसल्यावाचून झिजेच्या कारणाविषयीचे विधान अनुमान म्हणूनच मांडणे शास्त्रास धरून होईल.