दुष्यंताचा कृष्णसार : भयानक रसाचें एक जुनें उदाहरण

संस्कृत विषय घेऊन बी. ए. झालेल्या महाराष्ट्रीय गृहस्थास बाकी सारें विसरलें तरी शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील पळणाऱ्या मृगाचा श्लोक सहसा विसरत नाहीं. मान डौलानें वळवून तो मागून येणाऱ्या रथाकडे वारंवार पाहतो. बाण येऊन पडेल या भयानें त्यानें अंगाचा मागला भाग पुढल्या भागांत ओढून घेतला आहे. दमानें उघडलेल्या तोंडांतून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. आणि उंच उड्यांमुळें तो भूमीवर थोडा व आकाशांतच अधिक चालला आहे. हा श्लोक आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहों आणि त्याखालीं ‘भयानक रस’ ही टीपहि तितकींच वर्षें देत आलों आहों. ती टीप आमची नव्हे, मम्मटाची आहे. काव्यप्रकाशाच्या चवथ्या उल्लासांत भयानक रसास उदाहरण म्हणून त्यानें हाच श्लोक घेतला. त्याच्याहि पूर्वीं अभिनवगुप्तानें रससूत्राच्या विवरणांत याच मृगाचा आधार घेतला होता. अमुक देशांतील, अमुक काळचा, हा एक विशिष्ट मृग, ही मर्यादा श्लोक ऐकतांना गळून पडते आणि देशकालांनीं न बांधलेलें भय तेवढें प्रतीतीस येतें, असें त्याचें प्रतिपादन आहे. सिद्धांत या नात्यानें तें बिनतोड आहे, आणि त्याच्याशीं झगडण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु या प्रक्रियेंत मृग मात्र हातचा गेला, हें कोणी फारसें बोलत नाहीं.

तो कसा गेला तें पाहावयाचें तर मराठी वाङ्मयाकडे वळावें. आमच्या काव्यांत, नाटकांत, कादंबऱ्यांत हरिण म्हटलें कीं तें ‘भित्रें’ असावयाचें, आणि बहुधा तें स्त्रीलिंगी असावयाचें. नायिकेच्या डोळ्यांस उपमान लागलें कीं हरिणी हजर. ती दचकली कीं पुन्हां हरिणी हजर. ज्याच्या शिंगांस मळसूत्री पीळ असतो, ज्याची पाठ वयाबरोबर काळीभोर होत जाते, तो नर या उपमांच्या गर्दींत कोठेंच दिसत नाहीं. कालिदासानें मात्र कृष्णसार असा स्पष्ट शब्द योजला आहे. तेव्हां हें चित्र खरोखर एका प्रौढ काळविटाचें आहे, आणि शिकारी दिसल्यावर प्रौढ काळवीट काय करितो हें ठाऊक असल्यावांचून त्या चित्राची परीक्षा होणें शक्य नाहीं.

येवल्याचें नांव निघालें कीं वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, पैठणी आठवावी हें साहजिक आहे. परंतु त्याच तालुक्यांत, नांदगांवच्या वाटेवर, राजापूर, ममदापूर या गांवांच्या आसपासचा जो उघडा, कमी पावसाचा माळ आहे, तेथें काळविटांचे कळप आजहि चरत असतात. इ. स. २०१४ मध्यें सरकारनें ममदापूरच्या परिसरांतील सुमारें ५४ चौरस किलोमीटर भूमि त्यांच्यासाठीं राखीव ठरविली. तिकडचा एखादा विद्यार्थी आमच्या वर्गांत असला म्हणजे ‘भित्रें हरिण’ या शब्दांवर तो किंचित् हंसतो, असा आमचा अनुभव आहे.

त्याच्या हंसण्याचें कारण असें. काळविटाचा भरंवसा नाकाकानांपेक्षां डोळ्यांवर अधिक. वाटेनें जाणारी बैलगाडी, मेंढरांमागून चालणारा धनगर, औत धरलेला शेतकरी यांची तो फारशी पर्वा करीत नाहीं. हीं माणसें आपापल्या कामानें तिरपीं जात असतात. पण यांपैकीं एकजण जर मध्येंच थांबला, वांकला, किंवा सरळ कळपाच्या रोखानें येऊं लागला, तर क्षणांत माना वर होतात. प्रथम पळापळ होत नाहीं. प्रथम टक लागते. कळपांत सर्वांत आधीं सावध होतात त्या बहुधा माद्या. त्यांतील एखादी चारी पाय एकदम उचलून सरळ उंच उडी घेते, मागोमाग दुसरी, तिसरी, आणि अशा दहाबारा उड्या झाल्यावर मग कळप खरा धांवूं लागतो. नर पुष्कळदां सर्वांत शेवटीं निघतो. विणीच्या हंगामांत ज्यानें माळाचा एखादा तुकडा आपला म्हणून राखला आहे, लेंड्यांचे ढीग घालून व डोळ्यांपुढील ग्रंथींतला स्राव काड्यांस चोपडून ज्याची हद्द आंखली आहे, तो तर ती जागा सोडावयास अगदींच नाखूष असतो. हांकलला तर वळसा घेऊन पुन्हां तेथेंच येऊं पाहतो. आणि थोडें अंतर पडलें कीं उभा राहून, मान फिरवून, मागें पाहतो.

इतर देशांतील मृगांचे प्रकार निराळे आहेत. अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचा मृग संशय आला कीं पुढचा पाय जमिनीवर आपटतो, फुत्कार टाकतो, आणि पळतांना शेपटीचें पांढरें निशाण उभारतो. त्यांतला वयस्क नर मात्र पुष्कळ वेळां हा सारा गाजावाजा टाळून, डोकें खालीं घालून, झुडपांतून चोरपावलानें निसटतो किंवा दाट गवतांत दबून बसतो. त्याला लपावयास झाडी आहे. काळविटाला नाहीं. उघड्या माळावर ज्याला लपतां येत नाहीं त्यानें ‘मीं तुला पाहिलें आहे’ हें शत्रूस कळविणें यांतच त्याची सोय असते. त्या उंच उड्यांचा अर्थहि प्राणिशास्त्रज्ञ आतां पुष्कळसा असाच लावितात. पूर्व आफ्रिकेंतील टॉमसन गझेल नांवाच्या हरणांचा फिट्झगिबन व फॅनशॉ यांनीं अभ्यास केला. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसतें कीं, रानकुत्रे पाठलागासाठीं जी हरणें निवडीत तीं कमी वेगानें उड्या मारणारीं असत. म्हणजे उडी ही केवळ भीतीची धडपड नसून आपल्या अंगांतील बळाची जाहिरात आहे, आणि शत्रु ती वाचतो.

आतां हें ध्यानीं ठेवून श्लोकाकडे परत यावें. बाणाच्या भयाचा उल्लेख कवीनें स्वतःच केला आहे, तो नाकारण्याचें कारण नाहीं. पण निव्वळ भ्यालेला प्राणी वारंवार मागें पाहत नाहीं. पाहण्यानें वेग जातो. हा मृग रथाचें अंतर मोजीत आहे. त्याच प्रसंगीं सारथी राजाला सांगतो कीं, भूमि उंचसखल असल्यामुळें लगाम ओढून रथ मंद करावा लागला आणि म्हणून मृग दूर गेला. मागें वळणारी मान व तें वाढलेलें अंतर हीं एकत्र वाचावीत. आणखी पुढें जा. मृग कोठें जातो? कण्वाच्या आश्रमाकडे. तपस्वी आडवे येतात आणि हा आश्रममृग आहे, याला मारूं नये, असें सांगतात. म्हणजे पाठलाग चालू असतां तो आपल्या ओळखीच्या भूमीकडेच वळला होता! दिशाहीन होऊन भलतीकडे धांवला असता तर राजा आश्रमाच्या दाराशीं पोंचता ना, आणि शाकुंतल घडतें ना. कालिदासानें काळविटाच्या हद्दीचा विचार करून हें योजिलें असा दावा आम्ही करीत नाहीं. पण पाहिलेली गोष्ट खरी उतरली म्हणजे तींतून कवीनें न सांगितलेलेंहि निघतें, आणि येथें तें निघालें आहे.

याहून मोठा पुरावा दुसऱ्या अंकांत आहे, आणि त्याच्याकडे रसवादी पंडितांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. मृगयेची स्तुति करतांना सेनापति तिचे फायदे गणतो: मेद झडतो, शरीर हलकें होतें, चल लक्ष्यावर बाण साधतो. त्यांतच एक फायदा तो असा सांगतो कीं, प्राण्यांचें चित्त भयानें आणि क्रोधानें कसें पालटतें हें शिकाऱ्यास पाहावयास मिळतें. भय आणि क्रोध, दोन्ही. आपल्या नाटकांत एक पात्र हें बोलतें आहे हें कवीस ठाऊक होतें. मम्मटानें पहिल्या अंकांतला श्लोक उचलला तेव्हां दुसऱ्या अंकांतलें हें वाक्य मागेंच राहिलें.

रघुवंशाच्या नवव्या सर्गांतील दशरथाची मृगया घेतली तर हा भेद अधिक उघड होतो. तेथें कळप प्रथम दिसतो तो शांत स्थितींत: तोंडांत कुशांचे कोंवळे अंकुर, दूध पिणाऱ्या पाडसांमुळें हरिणींचीं पावलें अडखळत आहेत, आणि अग्रभागीं कृष्णसार, त्याला कवीनें दिलेलें विशेषण गर्विष्ठपणाचें आहे, भित्रेपणाचें नव्हे. कोणी म्हणेल कीं पळतांना नर मागें राहतो, मग तो पुढें कसा? पण कळप अजून पळूं लागलेलाच नाहीं, ही त्या श्लोकांतली खुबी आहे. राजा घोड्यावरून बाण काढतो, ओळ फुटते, आणि भिजलेल्या डोळ्यांच्या नजरांनीं वन सांवळें होतें. यानंतर एक हरिणी नराच्या आड उभी राहते व राजा विरघळून बाण परत घेतो. येथें मात्र कवि निसर्गापासून सुटला. काळविटाची मादी नरासाठीं प्राण देत नाहीं. तरीहि ही कल्पना आकाशांतून पडलेली नसावी. नर टिपूं जावें तों मध्यें माद्या येतात, ही कळपावर नेम धरणाऱ्याची अगदीं व्यवहारांतली अडचण आहे. कालिदासानें त्या अडचणीला प्रेम म्हटलें.

कवीनें प्राणिशास्त्र शिकावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. तसा आग्रह मुळींच नाहीं. सुवर्णमृगाच्या कथेंत मारीच मृगासारखा वागतो कीं नाहीं हें पाहत बसणारा टीकाकार हास्यास्पदच ठरेल. परंतु कवीनें जेथें डोळे उघडे ठेवून पाहिलें आहे तेथें वाचकानें आपले मिटून घ्यावे हें आम्हांस मान्य नाहीं. कालिदासानें गर्व पाहिला, मोजणारी नजर पाहिली, भयाबरोबर क्रोध पाहिला. टीकाकारांनीं त्यांतून एक घेतलें, आणि मागून येणाऱ्या कवींनीं मृगाऐवजीं टीकाकारांचें उदाहरण गिरविलें.

हा गर्व ज्यांच्या पोटाचा विषय होता त्यांना तो चांगला ठाऊक होता. अबुल फझलानें ऐन-इ-अकबरींत शिकवलेल्या मृगाकडून रानटी मृग धरण्याची रीत वर्णिली आहे: पाळीव नराच्या शिंगांस जाळें बांधून त्याला कळपाजवळ सोडावयाचें, रानांतला नर त्याच्याशीं झुंजावयास येतो आणि शिंगें गुंततात. आमच्याकडील फांसेपारध्यांच्या हातीं हीच विद्या होती. शिकारी दिसला म्हणजे पळणाऱ्या जनावरास धरण्याची ही युक्तीच नव्हे. प्रतिस्पर्धी दिसला म्हणजे न पळणाऱ्या नरास धरण्याची आहे. रथांतून दिसतो तो पाठमोरा मृग. पारधी भुईवर पोटानें सरकतो, त्याला मृगाचें तोंड दिसतें. त्या पारध्यानें मात्र कांहीं लिहून ठेविलें नाहीं. १८७१ च्या कायद्यानें ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा घातला त्यांत पारध्यांचीहि गणना झाली, आणि तो शिक्का कायद्यानें पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. १९७२ पासून काळविटाची शिकार गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे; पण त्या शिकारीबरोबर एक निरीक्षणहि लोपलें, तें लिहून घेण्याची बुद्धि आमच्यापैकीं फारच थोड्यांस झाली.

मराठी रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं शाकुंतल आणलें तेव्हांहि प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें येणार तो दुष्यंत. मृग पडद्याआडच राहावयाचा, हें नाटकाच्या जातीनेंच ठरलेलें. आमच्या गद्याला पायीं चालणारा डोळा लाभला तो पुष्कळ उशीरा, व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनानें. माडगूळकर बंदूक घेऊन रानांत हिंडलेले, चितमपल्ली वनखात्याच्या नोकरींत रानांत राहिलेले. दोघांच्याहि लिखाणांत जनावर उपमेसाठीं येत नाहीं, स्वतःच्या कामासाठीं येतें. वाट अडवितें, पाणी पितें, पाहतें. आमच्या समीक्षेनें मात्र त्यांना ‘निसर्गलेखक’ म्हणून एका कोपऱ्यांत बसविलें, आणि काव्यांतील हरिणी पूर्ववत् दचकत राहिली.

ती वर्तमानपत्रांतहि दचकते. उन्हाळ्यांत ममदापूरच्या माळावरील पाणी आटलें कीं काळवीटें वस्त्यांकडे व शेतांकडे येतात, गांवचीं कुत्रीं टोळीनें मागें लागतात, आणि कठडा नसलेल्या विहिरींत एखादें पडतें. वनखात्याचे लोक व गांवकरी दोर टाकून तें वर काढतात. कधीं जिवंत, कधीं मेलेलें. बातमींत शब्द ठरलेले: हरिण भेदरलें आणि विहिरींत कोसळलें. ज्या चित्त्याच्या वेगाशीं काळविटाचे पाय हजारों वर्षें घडत आले तो या देशांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. २०२२ सालीं आफ्रिकेंतून आणलेले चित्ते सोडले ते मध्यप्रदेशांत. चित्ता थोडें अंतर झपाट्यानें येतो आणि दमला कीं सोडून देतो. त्याच्यापुढें धांवून, थांबून, मान वळवून पाहणें फायद्याचें होतें. कुत्रीं सोडीत नाहींत. येवल्याच्या माळावर धांवणारा नर आजहि तसाच, कालिदासानें लिहिल्याप्रमाणें, पुनःपुन्हां मागें पाहत धांवतो, आणि पुढें विहीर असते.