नियमाचे व्याकरण

मास्तरकीमुळे मला एक खोड जडली आहे. कोणताही मजकूर हाती आला, की आधी क्रियापदे तपासायची. मुंबईच्या वारसा-वास्तूंसंबंधीची १९९५ सालची नियमावली मी अशीच वाचली. निमित्त झाले खोताच्या वाडीचे.

गिरगावातल्या या वाडीत शिरले, की हमरस्त्याचा गलबला मागे राहतो. दादोबा वामन खोत यांनी येथील जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या, असे सांगतात. लाकडी कठड्यांचे व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, उतरती कौले. व्हरांडा हाच वाडीचा प्राण. तेथे बसलेला माणूस घरातही असतो आणि गल्लीतही. अशी साठ-पासष्ट घरे एके काळी होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

नियमावलीचे मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. एकट्या इमारतीप्रमाणेच अख्खा परिसरही जपण्याजोगा असतो, ही जाण तिने दाखविली. अशा परिसरात नवे बांधकाम भोवतालच्या उंचीला धरून असावे, असे तिने बजावले. ते योग्यच होते. एक टोलेजंग इमारत उठली, की शेजारच्या दहा व्हरांड्यांचे ऊन जाते.

परंतु तिची क्रियापदे पाहा. मालकाने दुरुस्ती केलीच पाहिजे. सरकार आणि महापालिका, स्वतःच्या इमारती सोडल्या, तर जबाबदार नाहीत. दुरुस्तीसाठी निधी मात्र उभारता येईल.  बंधनाला ‘पाहिजे’ आणि मदतीला ‘येईल’!

गेल्या दिवाळीत वाडीतल्या एका आजींशी मी या नियमांची तारीफ करीत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, पावसात कौल फुटलं, तर तुमचा वारसा येऊन बसवनार काय?” मला उत्तर सुचले नाही.

कादंबरीकार या नात्याने मला हा दोष ओळखीचा वाटतो. स्थळाचे वर्णन उत्तम साधले. पात्रांचा मात्र विसर पडला. २०१८ साली मुंबईला नवी नियमावली मिळाली आणि वारसा-परिसराची कल्पना तिनेही राखली. पण घर जपायचे ते सर्वांसाठी आणि खर्च एकट्याचा, हा न्याय फार काळ टिकत नाही. थकलेला मालक शेवटी घर विकतो. म्हणून माझी मागणी एवढीच : निधीच्या वाक्यातही ‘पाहिजे’ यावे. तोवर आजींचा प्रश्न उभाच राहणार.